शार्क असलेल्या पाण्यात सर्फिंग: नव्यानं शिकणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

बोर्डवर बसून लाटेची वाट पाहताना पाय पाण्यात सोडलेले असतात, खाली तळ दिसत नाही, आणि मनात शार्क येतो. सर्फिंग शिकणाऱ्या बहुतेकांना हे पहिल्या काही दिवसांतच जाणवतं. "काही होत नाही, घाबरू नको" असं ऐकून ही भीती जात नाही, आणि ती जायची गरजही नाही. तिला नेमकं काम दिलं की ती उपयोगी पडते.

शार्क काय करेल ते आपल्या हातात नाही. पण दोन गोष्टी पुष्कळशा आपल्या हातात आहेत: आज या पाण्यात उतरायचं की नाही हा निर्णय, आणि कुणाला चावा बसलाच तर पहिल्या काही मिनिटांत रक्त थांबवणं. नवशिके बहुधा या दोन्हींकडे दुर्लक्ष करून शार्क पळवतात म्हणून विकल्या जाणाऱ्या, मनगटाला बांधायच्या चुंबकी पट्ट्यांवर पैसे घालवतात. म्हणून या लेखात किनाऱ्यावरच्या निरीक्षणाला आणि रक्तस्रावाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

१. धोका केवढा आहे ते आधी समजून घ्या

अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात 'इंटरनॅशनल शार्क अटॅक फाइल' या नावानं जगभरातल्या चाव्यांची नोंद ठेवली जाते. प्रत्येक घटनेची छाननी करून तिथे दोन मुख्य गट पाडतात. भाल्यानं मासे मारताना, शार्कला खायला घालताना, जाळ्यातून सोडवताना बसलेले चावे एका गटात. माणसानं काहीही न डिवचता बसलेले दुसऱ्या गटात. सर्फरना बसणारे चावे बहुतेक दुसऱ्या गटात येतात. २०२३ मध्ये जगभरात न डिवचता बसलेले ६९ चावे नोंदले गेले आणि त्यांत १० माणसं दगावली. २०२४ मध्ये चावे ४७ होते आणि मृत्यू ४. या चाव्यांपैकी २०२३ मध्ये सुमारे ४२ टक्के आणि २०२४ मध्ये सुमारे ३४ टक्के सर्फिंग किंवा बोर्डवरचे तसलेच खेळ खेळणाऱ्यांना बसले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. जगभरात लाखो लोक वर्षभर सर्फिंग करतात, त्यामानाने चावे फारच थोडे आहेत. किनाऱ्यापासून आत ओढून नेणाऱ्या उलट्या प्रवाहात सापडून बुडण्याचा धोका नवशिक्यासाठी कितीतरी मोठा आहे. पण जे थोडे चावे बसतात त्यांत सर्फरचा वाटा मोठा आहे, आणि त्याचं कारण सरळ आहे. पोहणारा अर्ध्या तासात बाहेर येतो. सर्फर दोन-तीन तास तिथेच असतो, तेही लाट फुटते त्या पट्ट्यात, जिथे लहान मासे असतात आणि त्यांच्या मागे शार्क येतात.

माणसाला पाहिलं की शार्क हल्ला करतो, हा समज मात्र सोडून द्या. दक्षिण कॅलिफोर्नियात २०१९ ते २०२१ या काळात संशोधकांनी किनाऱ्यांवरून दीड हजारांहून अधिक ड्रोन उड्डाणं केली. लहान वयाचे ग्रेट व्हाइट शार्क जिथे जमतात अशा दोन ठिकाणी, पाहणी केलेल्या दिवसांपैकी ९७ टक्के दिवशी शार्क आणि माणसं एकाच पाण्यात होती. बहुतेक वेळा पाण्यातल्या माणसांना त्याचा पत्ताही नव्हता.

२. तुमच्या पाण्यात कोणता शार्क आहे ते विचारा

शार्कच्या ५०० हून अधिक जाती आहेत. माणसाच्या जिवावर बेतणारे बहुतेक चावे तीन जातींचे असतात: ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल. तिघांच्या सवयी वेगळ्या आहेत, त्यामुळे "शार्कपासून सावध राहा" हा सल्ला तसा निरुपयोगी ठरतो. कोणत्या शार्कपासून, हे कळलं तरच कधी आणि कुठे ते ठरवता येतं.

ग्रेट व्हाइट थंड आणि समशीतोष्ण पाण्यात जास्त आढळतो. कॅलिफोर्निया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे किनारे ही त्याची प्रसिद्ध ठिकाणं. वाढलेला ग्रेट व्हाइट सील खातो, मेलेल्या देवमाशावरही येतो. म्हणून सीलच्या वसाहतीजवळ सर्फिंग करू नये. हा शार्क खालून वर येतो, म्हणजे आपण त्याला खालून दिसतो. २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वेरी विद्यापीठाच्या संशोधकांनी, तरुण ग्रेट व्हाइटच्या डोळ्यांना खालून वर पाहताना काय दिसत असेल याचा अभ्यास केला. बोर्डवर हात मारत जाणारा माणूस, पोहणारा माणूस आणि सील यांच्या हालचालीत आणि आकारात त्याला फारसा फरक करता येत नसावा, असं त्यांना आढळलं. सगळ्या चाव्यांचं कारण एवढंच असेल असं नाही, पण अनेक सर्फरना एकच चावा बसून शार्क का निघून जातो, हे यावरून थोडं उलगडतं.

टायगर शार्क उष्ण पाण्यातला. हवाई बेटांवर हा मुख्य धोका, आणि तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत चाव्यांच्या घटना इतर काळापेक्षा जास्त घडतात. हवाईतल्या लोकांना हे आकडे गोळा होण्याच्या फार आधीपासून माहीत होतं. विलीविलीचं झाड फुललं की शार्क चावतो, अशी त्यांची जुनी म्हण आहे. अशी स्थानिक जाण जिथे असेल तिथे ती आधी ऐकावी.

बुल शार्ककडे मी सर्वात गंभीरपणे पाहायला सांगेन. तो गढूळ पाण्यात वावरतो, नदीच्या मुखाशी राहतो, गोड्या पाण्यातही शिरतो. हिंदी महासागरातलं रियुनियन बेट सर्फिंगसाठी जगप्रसिद्ध होतं. २०११ पासून तिथे बुल आणि टायगर शार्कचे जीवघेणे हल्ले एकामागून एक झाले, आणि जुलै २०१३ मध्ये प्रशासनानं प्रवाळांनी वेढलेला उथळ भाग आणि पहाऱ्याची जागा सोडून बाकी सगळीकडे पोहणं आणि सर्फिंग बंद केलं. तिथे अडचण अशी होती की पाणी गढूळ झालं की जवळ आलेला शार्क कुणालाच दिसत नसे.

चौथा एक प्रकार सांगायला हवा. फ्लोरिडातल्या वोलुशिया काउंटीत, विशेषतः न्यू स्मर्ना बीचवर, जगात सर्वाधिक चावे नोंदले जातात. तिथे बहुधा ब्लॅकटिपसारखे लहान शार्क असतात. फेसाळ, गढूळ पाण्यात माशांच्या मागे धावताना त्यांना पायाचा तळवा चमकताना दिसतो, ते चावतात आणि लगेच सोडतात. जखम टाक्यांची असते, जिवावरची क्वचितच. चाव्यांचा आकडा आणि धोक्याचं गांभीर्य या वेगळ्या गोष्टी आहेत, हे नवीन जागी जाताना लक्षात ठेवा.

३. किनाऱ्यावर पंधरा मिनिटं थांबा

हीच पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. लाटा चांगल्या असल्या की माणूस बोर्ड काखेत घेऊन थेट पाण्यात धावतो. त्याआधी पंधरा मिनिटं उंचावर उभं राहून पाणी पाहायची सवय लावून घ्या. लाटांचा क्रम आणि प्रवाह पाहायला ही मिनिटं लागतातच, त्यांतच बाकीचंही पाहून होतं.

समुद्रपक्षी एकाच जागी सुळकन पाण्यात सूर मारत असतील, तर खाली माशांचा थवा आहे. लहान मासे एकदम पृष्ठभागावर उसळत असतील, तर खालून कुणीतरी त्यांचा पाठलाग करतंय. अशा जागेपासून लांब राहा आणि थवा तुमच्याकडे सरकू लागला तर बाहेर या. जवळ कुणी गळ टाकून बसलंय का, मासे साफ करून आतडी पाण्यात टाकतंय का, आमिषाचे तुकडे फेकतंय का, तेही पाहा. गळाला लागलेला मासा तडफडतो; त्या कंपनांनी आणि वासानं शार्क येतो.

डॉल्फिन दिसले की बरं वाटतं, कारण डॉल्फिन असले की शार्क नसतो असं ऐकलेलं असतं. हे खरं नाही. दोघं एकच मासे खातात आणि एकाच थव्यामागे येऊ शकतात.

मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला असेल तर त्या आणि शेजारच्या किनाऱ्यावर सर्फिंग नको, मग लाट कितीही चांगली असो. मार्च २०१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हॅमेलिन बे इथे दीडशेहून अधिक पायलट व्हेल किनाऱ्याला लागले होते. पुढच्याच महिन्यात, काही अंतरावरच्या ग्रेसटाउनजवळ एकाच दिवशी दोन सर्फरना शार्क चावले. जवळच चालू असलेली मार्गारेट रिव्हर प्रो ही जागतिक दर्जाची स्पर्धा आयोजकांनी मध्येच रद्द केली. जगातले सर्वोत्तम सर्फर, बोटी, जेट-स्की, ड्रोन हे सगळं हाताशी असूनही रद्द केली. नवशिक्यानं एका दिवसाची लाट सोडणं त्यापुढे काहीच नाही.

आता पाण्याचा रंग. बोर्डवर बसल्यावर स्वतःचे पाय दिसतील इतकं तरी पाणी नितळ हवं, हा साधा निकष धरा. मोठा पाऊस पडून गेल्यावर नद्या-नाले गाळ, मेलेले प्राणी, कचरा समुद्रात आणतात. बुल शार्क असलेल्या भागात त्यानंतरचे काही दिवस नदीमुख आणि आसपासचा किनारा टाळलेलाच बरा. तसं पाणी पोटाला आणि जखमांनाही चांगलं नसतं. दोन वाळूच्या उंचवट्यांमधली खोल घळ, खडकापलीकडे पाणी एकदम खोल होतं ती कड, बंदराचं तोंड या शार्कच्या येण्याजाण्याच्या वाटा असतात. तिथेच लाट चांगली फुटत असेल तर मोह होतो, पण शिकताना अशी जागा निवडायचं कारण नाही; तुम्हाला हवी असलेली मऊ, पांढऱ्या फेसाची लाट उथळ वाळूवर मिळते.

वेळेबद्दल सगळीकडे एकच सल्ला मिळतो: पहाटेचा आणि संध्याकाळचा अंधूक उजेड टाळा. अडचण अशी की पहाटे वारा पडलेला असतो आणि लाट सर्वात गुळगुळीत असते, म्हणून अनुभवी सर्फर नेमके तेव्हाच जातात. त्यांचं पाहून तुम्ही जाऊ नका. सूर्य वर येऊन पाण्यात उजेड शिरल्यावर उतरा. लाट थोडी खरबरीत मिळेल, पण शिकायला ती पुरते.

शेवटी माहिती कुठे मिळते ते शोधा. केपटाउनमध्ये २००४ पासून 'शार्क स्पॉटर्स' ही संस्था डोंगरावरून दुर्बिणीनं पाणी पाहते आणि किनाऱ्यावर निशाण लावते. हिरवं निशाण म्हणजे पाणी स्वच्छ दिसतंय आणि शार्क दिसलेला नाही. काळं म्हणजे पाण्यातलं नीट दिसत नाही. लाल म्हणजे धोका वाढलेला आहे. पांढऱ्यावर काळा शार्क आणि भोंगा म्हणजे शार्क आत्ता पाण्यात आहे, बाहेर या. काळ्या निशाणाकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात, कारण त्यात 'शार्क आहे' असं म्हटलेलं नसतं. पण पाहणाऱ्यालाच दिसत नसेल तर त्याचा पहारा तुमच्या उपयोगाचा नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याचं 'शार्कस्मार्ट' अ‍ॅप, अंगावर संदेश सोडणारी खूण लावलेला शार्क किनाऱ्याजवळच्या ऐकणाऱ्या यंत्राजवळून गेला की सूचना देतं. सूचना आली नाही म्हणजे पाणी रिकामं, असं मात्र नाही. खूण न लावलेले शार्क त्या यंत्राला कळत नाहीत.

शार्कच्या जाळ्यांबद्दलही एक गैरसमज आहे. न्यू साउथ वेल्समध्ये १९३७ पासून जाळी लावतात, पण एक जाळं साधारण १५० मीटर लांब आणि ६ मीटर उंच असतं. ते किनाऱ्याला कुंपण घालत नाही. शार्क वरून, खालून, बाजूनं जाऊ शकतो. जाळं आहे म्हणून तुमची पंधरा मिनिटं वाचत नाहीत.

४. सामान: काय घ्यायचं, काय नाही

शार्कच्या नाकाभोवती लोरेन्झिनीच्या कुप्या नावाची बारीक छिद्रं असतात. त्यांतून त्याला पाण्यातले अतिशय क्षीण विद्युतप्रवाह कळतात. शार्क पळवणारी बरीच उपकरणं याच ज्ञानेंद्रियाला त्रास देण्याच्या कल्पनेवर बनवली आहेत. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी बोर्डवर लावायची किंवा अंगावर घालायची पाच उपकरणं ग्रेट व्हाइट शार्कसमोर आमिष ठेवून तपासली. विजेचं क्षेत्र तयार करणारं 'फ्रीडम प्लस सर्फ' लावल्यावर शार्कनं आमिष घेण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आलं. चुंबकी पट्टे आणि वासाचं मेण यांचा परिणाम नगण्य होता.

म्हणजे सर्वात चांगल्या उपकरणासमोरही शार्कनं दहांपैकी चार वेळा आमिष घेतलं. परवडत असेल तर घ्या, पण ते लावलंय म्हणून गढूळ पाण्यात उतरू नका. चुंबकी पट्ट्याचे पैसे वाचवा आणि त्यांत खऱ्या वैद्यकीय दर्जाचं टूर्निकेट घ्या, म्हणजे हातापायाचं रक्त थांबवण्यासाठी दांडीनं पिळून आवळायचा रुंद पट्टा. सोबत जाडसर पट्टी, कात्री, न पुसणारं पेन आणि अंग गरम ठेवायला चंदेरी चादर. ही पिशवी गाडीच्या डिकीत कुलूपबंद नको, बाकीच्यांना माहीत असलेल्या जागी, किनाऱ्यावर हवी.

चकाकणारे दागिने आणि घड्याळ काढून ठेवा. पाण्यात ते माशाच्या खवल्यांसारखे लखलखतात. भडक, एकमेकांशी विरोधी रंगही टाळता येतील तेवढे टाळा. अंगावर ताजी, वाहती जखम असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्या.

५. पाण्यात असताना

एकटे जाऊ नका. याचं कारण फक्त शार्क एकट्याला गाठतो एवढंच नाही. चावा बसला तर तुम्हाला बोर्डवर ढकलणारं, किनाऱ्यावर ओढणारं आणि जखमेवर दाब देणारं माणूस लागतं. सोबती असा हवा की ज्याला पुढची आठवी पायरी (रक्त थांबवणं) येते. दोघांनीही ती येते ना, हे पाण्यात उतरण्याआधी एकमेकांना विचारा.

इतरांपासून फार लांब, सगळ्यांच्या पलीकडे, खोल बाजूला एकटे बसू नका. लाट नसताना उगाच हातपाय आपटू नका. दर थोड्या वेळानं समुद्राकडे आणि दोन्ही बाजूंना नजर फिरवा. सगळ्यांची पाठ खुल्या समुद्राकडे, हे दृश्य नवशिक्यांच्या घोळक्यात नेहमी दिसतं.

काही अनुभवी सर्फर एखाद्या दिवशी कारण न सांगता बाहेर येतात. मासे अचानक गायब होणं, पक्षी उडून जाणं, पाण्याखालून मोठी सावली सरकल्यासारखी वाटणं असं काहीतरी त्यांनी टिपलेलं असतं. तुम्हालाही काही खटकलं तर बाहेर या. कुणी हसलं तर हसू द्या.

६. पर दिसला तर

आधी तो कुणाचा ते पाहा. डॉल्फिनच्या पाठीवरचा पर मागे वाकलेला असतो. तो वर येतो, गोल फिरल्यासारखा खाली जातो, आणि श्वासाचा फुत्कार ऐकू येतो. शार्कचा पर पाण्याच्या एकाच पातळीवर सरळ कापत जातो. कधीकधी त्याच्यामागे शेपटीचं टोक डावीकडे-उजवीकडे हलताना दिसतं. डोलत, लटपटत, मध्येच आडवा पडणारा पर बहुधा सनफिशचा असतो आणि त्याच्यापासून धोका नाही.

शार्क आहे असं वाटलं तर मोठ्यानं, स्पष्ट सांगा: "शार्क! सगळे बाहेर!" शंका असली तरी सांगा. मग सगळ्यांनी जवळ या आणि एकत्र किनाऱ्याकडे निघा. हात पाण्यात लांब, शांत, एका लयीत मारा. घाईनं पाणी उडवत पळू नका. शार्क जवळ असेल तर त्याच्याकडे पाठ फिरवू नका. खालून हल्ला करणारा शार्क न दिसण्यावर अवलंबून असतो. तुम्ही त्याच्याकडे तोंड ठेवलं, त्याच्या हालचालीसोबत वळत राहिलात, तर बऱ्याचदा तो निघून जातो. शक्य असेल तर बोर्ड तुमच्या आणि त्याच्या मध्ये ठेवा. लाट आली तर उभं राहायचा प्रयत्न नको. पोटावर झोपून, फेसाबरोबर थेट वाळूपर्यंत या.

तो गोल फिरत जवळ येत असेल, झटके देत पोहत असेल, छातीजवळचे पर खाली झुकवून पाठ कमानीसारखी वाकवत असेल किंवा धडक मारून गेला असेल, तर तो नुसता पाहायला आलेला नाही. अशा वेळी बाहेर पडणं हेच एकमेव काम.

७. चावा बसला तर

लढा. मेल्याचं सोंग घेण्याचा इथे काही उपयोग नाही. डोळे आणि कल्ले ही शार्कची सर्वात नाजूक जागा. बोटं खुपसा, नखं रुतवा, बोर्डच्या टोकानं मारा. नाकावर मारा असं सगळीकडे सांगतात, आणि हातात काही कठीण वस्तू असेल तर ते ठीक आहे. मोकळ्या मुठीनं मात्र नेम चुकून हात तोंडात जायचा धोका असतो. शार्कनं सोडलं की पुन्हा मारत बसू नका, बाहेर पडा.

१९ जुलै २०१५ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या जेफ्रीज बे इथल्या सर्फिंग स्पर्धेच्या अंतिम फेरीत, थेट प्रक्षेपण चालू असताना, ऑस्ट्रेलियाच्या मिक फॅनिंगच्या मागे मोठा शार्क आला आणि त्याच्या लीशमध्ये, म्हणजे पाय आणि बोर्ड जोडणाऱ्या दोरीत, अडकला. फॅनिंगनं त्याला ठोसे मारले, लीश तुटली, बोटी काही क्षणांत पोचल्या आणि त्याला ओरखडाही आला नाही. सगळे ही गोष्ट फॅनिंगच्या धैर्यासाठी सांगतात. माझ्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचा होता ज्युलियन विल्सन. तो प्रतिस्पर्धी होता, लांब होता, आणि बोर्ड वळवून तो शार्कच्या दिशेनं, फॅनिंगकडे निघाला. चाव्यानंतर जखमी माणूस बहुतेक वेळा असा कुणी जवळ आल्यामुळेच किनाऱ्याला लागतो. एकदा चावून गेलेला शार्क मदतीला आलेल्या माणसावर वळल्याच्या घटना विरळा आहेत.

८. रक्त थांबवणं

शार्कच्या चाव्यानं माणूस दगावतो तो बहुतेक वेळा रक्त वाहून गेल्यानं. सर्फरच्या जखमा जास्त करून मांडी, पोटरी आणि हातांवर असतात. मांडीची मोठी धमनी तुटली तर वेळ काही मिनिटांचीच असते, रुग्णवाहिका तोवर येत नाही. म्हणून हे शिकायचं असतं तुम्हाला.

पायाची जखम असेल तर पहिला उपाय हातातलाच आहे. जखमीला बोर्डवर किंवा वाळूवर उताणं झोपवा. जखमी पायाच्या बाजूला, कमरेचं हाड आणि जननेंद्रिय यांच्या मधोमध, जांघेच्या घडीत तुमची मूठ ठेवा आणि अंगाचा सगळा भार टाकून दाबा. तिथून मांडीची धमनी जाते. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या एका आपत्कालीन वैद्यकाच्या तज्ज्ञानं निरोगी माणसांवर तपासून दाखवलं की हा दाब, वेटसूटवरून (अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी पोशाखावरून) दिला तरीही, सर्फिंगची लीश आवळण्यापेक्षा जास्त चांगलं रक्त रोखतो. लीश ताणली जाते आणि गुळगुळीत असते, तिची गाठ पुरेशी आवळता येत नाही.

दाब चालू असताना दुसऱ्या माणसाला मदत बोलवायला पाठवा. "कुणीतरी फोन करा" म्हणू नका. एकाकडे बोट दाखवा, त्याला नावानं सांगा, आणि जागेचं नेमकं नाव त्याला माहीत आहे ना ते विचारा. किनाऱ्याची वाट, जवळचा फलक, मोबाइलची रेंज कुठे मिळते, हे उतरण्याआधीच पाहून ठेवायचं असतं ते यासाठी.

टूर्निकेट हाती आलं की जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, साधारण ५ ते ७ सेंटिमीटर अंतरावर बांधा. गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही, त्याच्या वर. दांडी पिळत राहा, रक्त पूर्ण थांबेपर्यंत. जखमी ओरडेल, फार दुखतं. अर्धवट आवळलेला पट्टा रक्तस्राव वाढवू शकतो, म्हणून दया येऊन थांबू नका. बांधल्याची वेळ पेनानं कातडीवर लिहा. दवाखान्यात पोचेपर्यंत सैल करू नका. तरी रक्त येत असेल तर पहिल्याच्या वर दुसरा पट्टा बांधा.

खांदा, जांघ, बगल अशा ठिकाणी पट्टा बसत नाही. तिथे स्वच्छ कापड जखमेत घट्ट भरा आणि दोन्ही हातांनी दाबून धरा. मध्येमध्ये उचलून पाहू नका. वेटसूट ओढून काढू नका, तो स्वतःच थोडा दाब देत असतो. जखमीला झोपवून ठेवा, वाऱ्यापासून आडोसा करा, अंग झाका; गार पडलेल्या माणसाचं रक्त लवकर गोठत नाही. पाणी, चहा, काही देऊ नका. गाडीत घालून पळायच्या आधी रक्त थांबलंय याची खात्री करा.

३१ ऑक्टोबर २००३ रोजी हवाईतल्या काउआई बेटावर तेरा वर्षांच्या बेथनी हॅमिल्टनचा डावा हात टायगर शार्कनं तोडला. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांनी तिला किनाऱ्यावर आणलं आणि सर्फिंगची लीश तिच्या खांद्याखाली बांधली. दवाखान्यात पोचली तेव्हा अर्ध्याहून जास्त रक्त गेलं होतं. ती वाचली आणि महिन्याभरात पुन्हा बोर्डवर उभी राहिली. याचा अर्थ लीश पुरते असा नाही. जवळ दुसरं काहीच नसेल तर तीही वापरायची, आणि काहीच न करता उभं राहायचं नाही, एवढा आहे.

हे सगळं वाचून येत नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात रक्तस्राव थांबवण्याचा भाग असतो, तो हातानं करून शिका. एकमेकांच्या पायावर टूर्निकेट बांधून पाहा. किती आवळावं लागतं याचा अंदाज तेव्हाच येतो.

९. नंतर

जखम लहान असली तरी दवाखान्यात जा. शार्कच्या तोंडातून आणि समुद्राच्या पाण्यातून आलेले जंतू कातडीखाली वेगानं पसरू शकतात, दाताचा तुकडाही आत राहिलेला असतो. धनुर्वाताची लस लागते का ते विचारा. जीवरक्षकांना किंवा किनाऱ्याच्या प्रशासनाला वेळ, जागा, पाण्याचा रंग, शार्कचा अंदाजे आकार हे सगळं सांगा. शार्क फक्त दिसला असला तरी सांगा. निशाण आणि अ‍ॅप अशाच माहितीवर चालतात.

जखमीचे आणि ज्यांनी त्याला ओढून आणलं त्यांचे पुढचे काही आठवडे झोपेचे, स्वप्नांचे, पाण्याला घाबरण्याचे असू शकतात. ऑस्ट्रेलियात चाव्यातून वाचलेल्यांनी आणि त्यांच्या जवळच्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी 'बाइट क्लब' नावाचा गट चालवला आहे, आणि तिथे चावा न बसलेले, पण तो समोर पाहिलेले लोकही येतात. तुमच्या ओळखीत कुणावर अशी वेळ आली तर त्याला "परत कधी येतोस पाण्यात?" असं विचारू नका. किनाऱ्यावर येऊन नुसतं बसायला बोलवा. दाब देणारा, पट्टा बांधणारा जो होता, त्यालाही फोन करा, कारण त्याची विचारपूस सहसा कुणी करत नाही.